ब्रिजवाला व्हीटस्टन आणि आमची मळमळ

व्हीटस्टन म्हटलं की आपल्याला ब्रिज आणि व्हायवाच आठवतो. खरं तर तो ब्रिज १८३३ मध्ये सॅम्युएल ख्रिस्टीने काढला. व्हीटस्टनने १८४३ मध्ये तो सगळ्यांपुढे आणला, श्रेयही ख्रिस्टीलाच दिलं. तरी नाव चिकटलं याचंच!

चार्ल्स व्हीटस्टन १८०२ मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरजवळ जन्मला. घरचा धंदा वाद्यांचा. १८३४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रोफेसर झाला, पण स्वारी इतकी लाजाळू की त्याचं काम कितीदा फॅरेडेनेच लोकांपुढे मांडलं.

मला तो आवडू लागला वेगळ्याच कारणाने. रूममेटच्या पीसीवर व्हीआर गेम अडखळायचा, दहा मिनिटांत मळमळायचं. प्रत्येक फ्रेम दोनदा काढायची, दोन डोळ्यांसाठी वेगवेगळी, आणि तीही सेकंदाला ९० वेळा. बिचारं ग्राफिक्स कार्ड काय करणार? ही दोन चित्रांची युक्ती व्हीटस्टनची. १८३८ मध्ये त्याने स्टिरिओस्कोप मांडला: दोन आरसे, किंचित वेगळी दोन चित्रं, आणि सपाट कागदातून घनाकृती उभी! चित्रं मुद्दाम नुसत्या रेषांची, शेडिंग नाही. खोली (डेप्थ हो, रूम नव्हे) दोन डोळ्यांच्या फरकातूनच येते, हे त्याला दाखवायचं होतं.

हे वाचलं आणि आम्ही शॅडोज थेट लो केल्या, रिझोल्यूशनही थोडं उतरवलं. गेम जरा भकास दिसतो, पण खोली तशीच आहे आणि मळमळ थांबली.

१८६८ मध्ये तो सर झाला. १८७५ मध्ये पॅरिसला वारला, तेव्हाही समुद्राखालच्या तारायंत्राचा रिसीव्हर सुधारत होता.