डॉ. कमल रणदिवे

पन्हाळा तालुक्यातील कोडोली गावी किंवा वारणेकाठच्या कोणत्याही खेड्यात गेले, तर एखाद्या घराच्या परसात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली दृष्टीस पडते. एकवीस दिवस ती अंड्यांना ऊब देते आणि मग कवच फोडून ओलेचिंब पिल्लू बाहेर येते. पण पिल्लाचे जीवन त्या दिवशी सुरू होत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी अंडे दिव्यासमोर धरले, तर आत तांबड्या शिरांचे नाजूक जाळे दिसते. त्या जाळ्याच्या मध्यभागी, डोळ्यांना जेमतेम जाणवेल अशा हालचालीने, पिल्लाचे हृदय धडधडत असते.

हे कोवळे हृदय शास्त्रज्ञांच्या फार उपयोगी पडले. १९१२ साली न्यूयॉर्क येथील अलेक्सिस कॅरेल यांनी अंड्यातील पिल्लाच्या हृदयाचा इवलासा तुकडा काढून काचेच्या पात्रात कोंबडीच्याच रक्तद्रवात ठेवला. शरीरापासून तोडलेला तो तुकडा मेला नाही. त्याच्या पेशी वाढू लागल्या. कॅरेल यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी तीस वर्षांहून अधिक काळ जगल्या असे सांगत. पुढील शास्त्रज्ञांना या म्हणण्याबद्दल शंका आली, आणि ती रास्त होती. तरीपण योग्य अन्न व ऊब मिळाल्यास प्राण्याच्या पेशी शरीराबाहेरही काही काळ वाढविता येतात, एवढे मात्र निर्विवाद सिद्ध झाले. या कलेस ऊतिसंवर्धन म्हणतात. ही कला भारतात आणून रुजविणाऱ्या शास्त्रज्ञांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

कमलताईंचा जन्म पुणे येथे ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकरराव समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींनी फार शिकू नये असे मानणारी घरे त्या काळी पुष्कळ होती. समर्थांचे घर तसे नव्हते. हुजूरपागेच्या शाळेत कमलताईंचे शिक्षण झाले आणि अभ्यासात त्या चमकल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि तिचा विवाहही एखाद्या डॉक्टराशीच व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंचा ओढा मात्र सजीवांच्या अभ्यासाकडे होता. ज्या वडिलांनी शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, त्यांच्याच इच्छेविरुद्ध जाणे सोपे नसते. पण कमलताईंनी आपली निवड बदलली नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. १९३९ साली त्यांचा विवाह झाला. पती जयसिंगराव रणदिवे हे डॉक्टर नव्हते, गणिती होते. आणि पत्नीच्या अभ्यासास त्यांनी मनापासून साहाय्य केले.

विवाहानंतर कमलताई मुंबईस आल्या. परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. कर्करोगाने पीडलेले रुग्ण दूरदूरच्या गावांहून तेथे येत. या रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. ही पदवी मिळविली. वडिलांच्या मनात होते तसे त्या रुग्णांची नाडी पाहणाऱ्या डॉक्टर झाल्या नाहीत. परंतु ज्या पेशी बिघडल्यामुळे तो रुग्ण अंथरुणास खिळतो, त्या पेशींचा शोध घेणाऱ्या डॉक्टर त्या झाल्या.

डॉ. खानोलकरांच्या उत्तेजनाने त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे गेल्या. तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय हे ऊतिसंवर्धनात निष्णात असे संशोधक होते. त्यांची रीत मोठी गमतीची होती. पेशी ठेवलेल्या काचनळ्या एका पिंपासारख्या यंत्रात खोचून ते यंत्र अगदी संथपणे फिरवीत. त्यामुळे पेशींना आळीपाळीने अन्नरस व हवा मिळे. या अन्नरसात कोंबडीच्या रक्तातील द्रवही घालावा लागे. म्हणजे माणसाच्या पेशी जगविण्याच्या कामीही परसातल्या कोंबडीचाच आधार! १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका रुग्ण स्त्रीच्या पेशी अखंड वाढू लागल्या. माणसाच्या पेशी अशा रीतीने सतत वाढविता आल्याची ती पहिली वेळ होती. त्या पेशींनी पुढे जगातील असंख्य प्रयोगांना हातभार लावला. मात्र त्या घेताना त्या बिचाऱ्या स्त्रीची संमती कोणी विचारली नव्हती, ही गोष्ट शास्त्राला भूषणावह नाही.

परदेशात उत्तम प्रयोगशाळा असताना तेथेच राहण्याचा मोह अनेकांस होतो. कमलताई मायदेशी परतल्या. परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. अशा तऱ्हेची ती भारतातील पहिलीच प्रयोगशाळा होती.

हे काम किती जिकिरीचे असते याची कल्पना बाहेरून येत नाही. पेशींना शरीराइतकीच, म्हणजे सदतीस अंशांची, ऊब अहोरात्र लागते. त्यांना साखर, क्षार व प्रथिने यांचा नेमका रस लागतो. तो वेळेवर बदलला नाही तर पेशी उपाशी मरतात. शिवाय शरीरात असताना त्यांचे रक्षण करणारे रक्त काचेच्या नळीत नसते. बुरशीचा एखादा कण किंवा एखादा जंतू आत शिरला, तर पाहता पाहता सारी नळी गढूळ होते आणि कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटातील चपलांवरही बुरशी चढते. तेथे ही उपकरणे स्वच्छ राखण्यास किती दक्षता लागत असेल, ते सांगावयास नको. कमलताईंनी पेशींसाठी लागणारे अनेक अन्नरस आपल्याच प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि तरुण संशोधकांना हे काम शिकविले.

कर्करोग का होतो, हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न होता. या प्रश्नाचा एक धागा पुन्हा कोंबडीकडेच जातो. १९११ साली अमेरिकेतील पेटन राउस यांनी कोंबडीच्या अंगावरील एक गाठ वाटून तिचा रस अतिशय बारीक चाळणीतून गाळला. त्या रसात एकही पेशी उरली नव्हती. तरी तो दुसऱ्या निरोगी कोंबडीस टोचताच तिलाही गाठ आली. गाठ उत्पन्न करणारा तो पदार्थ म्हणजे विषाणू होता. राउस यांना या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते पंचावन्न वर्षांनी! कमलताईंनी असाच शोध उंदरांमध्ये घेतला. उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कर्करोग विषाणूमुळे आईच्या दुधातून पिलांकडे जातो. हे उंदरांचे झाले; माणसाच्या बाळाला आईच्या दुधाचे असे भय मुळीच नाही. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे ओळखणाऱ्या भारतातील आरंभीच्या संशोधकांत कमलताईंची गणना होते.

१९६० नंतरच्या काळात त्यांच्या पुढाकाराने केंद्रात नवे विभाग निघाले. त्यांपैकी एक रोगप्रतिकारशास्त्राचा होता. शरीरात रोगजंतू शिरताच त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांचा अभ्यास हा या शास्त्राचा विषय. जगाला त्या वेळी या पेशींची ओळख नुकतीच होऊ लागली होती, आणि त्याही कामी कोंबडीनेच मार्ग दाखविला होता. कोंबडीच्या शेपटीखाली, आतल्या बाजूस एक लहानशी पिशवी असते. ही पिशवी लहानपणीच काढून टाकली, तर त्या कोंबडीच्या शरीरात जंतूंना अटकाव करणारी प्रतिद्रव्ये नीट तयार होत नाहीत, असे १९५६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ही द्रव्ये निर्माण करणाऱ्या पेशी कोंबडीमध्ये त्या पिशवीत तयार होतात. माणसास ही पिशवी नसते, पण त्याच जातीच्या पेशी असतात. त्यांच्या ‘बी’ या नावातील अक्षर कोंबडीच्या या पिशवीच्या लॅटिन नावातून आलेले आहे.

कमलताईंचे दुसरे मोठे काम कुष्ठरोगाविषयीचे आहे. या रोगाचा जंतू नॉर्वेचे हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढला. पण हा जंतू कोणत्याही कृत्रिम अन्नरसात वाढत नाही. अजूनही तो तसा वाढविता आलेला नाही. जो जंतू वाढवितच येत नाही, त्यावर लस कशी करावी? कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो. तेव्हा मज्जासंस्थेतील पेशी काचेत वाढवून त्यांच्या सोबतीने जंतू वाढतो का, हे पाहावयाचे ठरले. डॉ. खानोलकर, कमलताई व त्यांचे सहकारी यांनी या रीतीने १९५८ साली कुष्ठरुग्णांपासून मिळालेला एक जंतू वाढवून दाखविला. त्यास केंद्राच्याच आद्याक्षरांचे नाव मिळाले.

हा जंतू खरोखर कुष्ठरोगाचाच का, याविषयी पुष्कळ वाद झाला. अधिक तपासणीअंती तो वेगळ्या, पण जवळच्या कुळातील जंतू ठरला. एवढ्यावर ते श्रम फुकट गेले असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर होणार नाही. भावासारखा दिसणारा मनुष्य पाहिला म्हणजे भावाची आठवण व्हावी, तसे शरीराच्या रक्षक पेशी या जंतूवरून कुष्ठरोगाच्या जंतूला ओळखावयास शिकतात. त्याच जंतूपासून पुढे संस्थेत लस तयार करण्यात आली. दक्षिण भारतात १९९१ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत या लसीने शेकडा सुमारे पासष्ट इतके संरक्षण दिल्याचे आढळले.

१९६६ ते १९७० या काळात कमलताईंनी संस्थेच्या संचालकपदाचा भार वाहिला. १९७३ साली त्यांनी इतर शास्त्रज्ञ भगिनींच्या साहाय्याने भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. घर आणि प्रयोगशाळा या दोन्हींचा भार वाहताना स्त्रीची किती ओढाताण होते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. या संघटनेने वाशी येथे मुलींसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर चालविले. १९८२ साली भारत सरकारने कमलताईंना पद्मभूषण हा किताब दिला.

निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याची वाट धरली. सह्याद्रीच्या डोंगरांतील आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करणे आणि तेथील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देणे, हे काम त्यांनी हाती घेतले. पेशींना काय खाऊ घालावे याचा विचार करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना आता मुलांच्या ताटात काय पडते हे पाहावयाचे होते.

११ एप्रिल २००१ रोजी कमलताईंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संशोधन संस्थेचे काम परळहून खारघर येथील नव्या वास्तूत गेले. तेथील संशोधकही सदतीस अंशांच्या उबदार पेट्यांमध्ये पेशी वाढवितात.