क्लेमेन्ते यांचे पूर्ण नाव

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या लहानशा गावी बेसबॉल या खेळाचे स्मृतिमंदिर आहे. या खेळातील श्रेष्ठ खेळाडूंचे कांस्यपट तेथील भिंतींवर ओळीने लावलेले असून, त्या ओळीत स्थान मिळणे हा खेळाडूच्या आयुष्यातील सर्वोच्च सन्मान समजला जातो. १९७३ साली तेथे पिट्सबर्ग पायरेट्स या संघाच्या रोबेर्तो क्लेमेन्ते यांचा पट बसविण्यात आला. पराक्रमाच्या नोंदी त्यावर कोरल्या गेल्या. चुकले ते नाव. स्पॅनिश भाषकांत आधी स्वतःचे नाव, मग वडिलांकडील आडनाव आणि शेवटी आईकडील आडनाव असा क्रम असतो. क्लेमेन्ते हे वडिलांकडील आणि वॉकर हे आईकडील आडनाव. पटावर मात्र इंग्रजी रिवाजाप्रमाणे वॉकर मध्ये आणि क्लेमेन्ते शेवटी असे कोरले गेले. ही चूक २००० साली नवा पट ओतून दुरुस्त करण्यात आली. तोवर २७ वर्षे लोटली होती.

वरवर पाहता ही एक कारकुनी चूक. परंतु ज्या माणसाने आपले नाव लोकांनी नीट घ्यावे एवढ्यासाठी आपल्या कारकीर्दीत सतत आग्रह धरला, त्याच्याच गौरवपटावर ती व्हावी, यात त्या माणसाच्या चरित्राचे मर्म आले आहे. एखाद्या समाजाने बाहेरून आलेल्याचे कौशल्य आपलेसे करणे निराळे आणि तो माणूस आपला मानणे निराळे. या दोहोंमध्ये केवढे अंतर असू शकते, हे क्लेमेन्ते यांच्या आयुष्याइतके स्वच्छपणे क्वचितच दिसते.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर, कारोलिना गावच्या सान आंतोन या वस्तीत झाला. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते. आई लुईसा मळेवाल्यांचे कपडे धुण्यासारखी कामे करून संसाराला हातभार लावीत. सात भावंडांत रोबेर्तो धाकटे. स्पेनकडून १८९८ साली अमेरिकेच्या ताब्यात गेलेल्या या बेटावरील रहिवाशांना १९१७ साली अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकार मिळाला नाही. कायद्याने नागरिक आणि व्यवहारात परके, अशी ही विचित्र अवस्था. त्यात क्लेमेन्ते वर्णाने काळे होते. मुख्य भूमीवर पाऊल ठेवताच भाषेचा आणि रंगाचा असा दुहेरी परकेपणा त्यांच्या वाट्याला आला.

१९५४ साली ब्रुकलिन डॉजर्स या संघाने १०,००० डॉलरचा बोनस देऊन त्यांना करारबद्ध केले. याच संघाने १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांना मैदानात उतरवून व्यावसायिक बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत फोडली होती. परंतु क्लेमेन्ते यांना मुख्य संघात न घेता कॅनडातील माँट्रिऑलच्या दुय्यम संघात ठेवण्यात आले. एवढ्या मोठ्या बोनसच्या खेळाडूला मुख्य संघात न घेतल्यास दुसरा संघ त्याची निवड करू शकेल, असा त्या वेळी नियम होता. त्याचा फायदा पिट्सबर्गने घेतला. गुणतक्त्यात तळाशी राहिल्यामुळे पहिल्या निवडीचा हक्क त्यांच्याकडे होता. अवघ्या ४,००० डॉलरना त्यांनी क्लेमेन्ते यांना घेतले. रॉबिन्सन यांना संधी देणारे ब्रँच रिकी तेव्हा पिट्सबर्गचे सूत्रधार होते, हा योगायोग लक्षणीय आहे.

पिट्सबर्ग हे पोलाद गाळणाऱ्या कामगारांचे शहर. १९५५ साली क्लेमेन्ते त्या मैदानावर उतरले, तेव्हा संघ पुन्हा तळाशीच राहिला. ते उजव्या बाजूच्या दूरच्या क्षेत्रात उभे राहत. सीमेजवळच्या भिंतीपासून थेट तळापर्यंत येणारी त्यांची फेक पाहण्यासाठीच प्रेक्षक येऊ लागले. क्रिकेटच्या जाणकाराला हे सुख सहज समजेल; सीमारेषेवरून यष्टिरक्षकाच्या हातात अचूक पडणाऱ्या फेकीची मोहिनी तीच असते. पण मैदानाबाहेरचे चित्र वेगळे होते. हंगामपूर्व सरावासाठी संघ फ्लॉरिडात जाई. तेथे गोऱ्या खेळाडूंची सोय हॉटेलात आणि काळ्यांची वेगळ्या वस्तीत होई. वाटेत गोरे सहकारी उपाहारगृहात जेवत आणि काळे खेळाडू बसमध्ये बसून राहत. क्लेमेन्ते यांनी ही रीत निमूटपणे मानली नाही. अपमान सोसत बसण्यापेक्षा काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी द्यावी, असा त्यांनी हट्ट धरला.

वृत्तपत्रांनी तर त्यांना नावच नवे दिले. रोबेर्तो उच्चारायला अवघड म्हणून त्यांचा बॉब झाला. खेळाडूंच्या चित्रांचे जे पत्ते मुले जमवीत, त्यांवरही कित्येक वर्षे, थेट १९६९ पर्यंत, बॉब क्लेमेन्ते असेच छापले जात होते. ते आपले नाव रोबेर्तो असल्याचे सांगत राहिले आणि लोक ऐकूनही बॉब म्हणत राहिले. त्यांचे मोडके इंग्रजी काही वार्ताहर मुद्दाम उच्चाराबरहुकूम छापीत. त्यामुळे विचारी माणसाचे म्हणणे वाचकाला विदूषकाचे बोल वाटे. विशेष म्हणजे त्या वार्ताहरांतील फारच थोड्यांना स्पॅनिशचे चार शब्द येत असतील. दुसऱ्याची भाषा शिकणाऱ्याला हसावे आणि न शिकणाऱ्याने हसावे, असा तो उफराटा न्याय होता.

१९६० साल उजाडले आणि पिट्सबर्गचे नशीब फिरले. अजिंक्यपदाच्या वर्ल्ड सीरीजमध्ये गाठ बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजशी होती. सात सामन्यांत यांकीजनी ५५ धावा केल्या, तर पायरेट्सनी २७. तरीही मालिका पायरेट्सनी ४-३ अशी जिंकली. १३ ऑक्टोबर रोजी अखेरच्या सामन्यात बिल मॅझेरोस्की यांनी नवव्या डावात होमरन फटकावून १०-९ असा विजय मिळविला. १९२५ नंतर प्रथमच अजिंक्यपद मिळाल्याने शहर रस्त्यावर लोटले. या मालिकेतील सातही सामन्यांत क्लेमेन्ते यांनी यशस्वी फटके मारले होते. अखेरच्या सामन्यात आठव्या डावात, दोन खेळाडू बाद झालेले असताना, त्यांनी जिवाच्या आकांताने धावून तळ गाठला. म्हणून डाव जिवंत राहिला आणि पुढच्याच फलंदाजाने होमरन मारला. असे असूनही त्या वर्षीच्या सर्वात मौल्यवान खेळाडूच्या निवडीत वार्ताहरांनी त्यांना आठवे स्थान दिले. हा घाव त्यांना अखेरपर्यंत सलत राहिला. पुढे १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ या चार वर्षी नॅशनल लीगमधील फलंदाजीचे अग्रपद त्यांनी पटकावले, तेव्हा कुठे १९६६ चा तो बहुमान त्यांच्या पदरी पडला होता.

येथे हेही सांगितले पाहिजे की क्लेमेन्ते स्वभावाने सोपे नव्हते. ते चटकन दुखावत, स्पष्ट बोलत आणि झालेला अन्याय विसरत नसत. १९५४ च्या अखेरीस मद्यधुंद चालकाच्या मोटारीने त्यांच्या गाडीला धडक दिली होती. तेव्हा दुखावलेला पाठीचा कणा त्यांना जन्मभर छळीत राहिला. पण वेदनेची तक्रार केली की ते कांगावखोर ठरत. गोरा खेळाडू दुखापत सोसून खेळला तर तो धैर्यवान आणि प्वेर्तो रिकोचा खेळाडू दुखते म्हणाला तर तो कामचुकार, हा भेद त्यांना दिसत होता आणि तो ते बोलून दाखवीत. मान हवा असणारा माणूस तो मागू लागला की अहंकारी ठरतो, हा जगाचा जुनाच अनुभव आहे.

स्वतःच्या मानासाठी झगडणारा हा माणूस हळूहळू इतरांच्याही मानासाठी उभा राहू लागला. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्यविधीपूर्वी ह्यूस्टन येथे हंगामाचा पहिला सामना खेळण्यास पायरेट्सच्या खेळाडूंनी नकार दिला. या निर्णयामागे क्लेमेन्ते प्रामुख्याने होते आणि गोरे सहकारीही त्यांच्या पाठीशी राहिले. सामने पुढे ढकलावे लागले. १९६९ च्या डिसेंबरात सान ह्वान येथे खेळाडू संघटनेची बैठक झाली. खेळाडूला जन्मभर एकाच मालकाशी जखडणाऱ्या कलमाविरुद्ध कर्ट फ्लड न्यायालयात जाऊ इच्छीत होते. पायरेट्सचे प्रतिनिधी म्हणून क्लेमेन्ते यांनी त्यांची बाजू उचलून धरली.

पिट्सबर्गच्या इतिहासातील सर्वात मोठा क्षण कोणता असे विचारले, तर बहुतेक जण मॅझेरोस्कींच्या होमरनचे नाव घेतील. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मान १ सप्टेंबर १९७१ च्या संध्याकाळचा आहे. फिलाडेल्फियाविरुद्धच्या त्या सामन्यात व्यवस्थापक डॅनी मर्टॉ यांनी जे नऊ खेळाडू उतरविले, ते सारे काळे वा लॅटिन अमेरिकन होते. रॉबिन्सन यांच्या पदार्पणानंतर २४ वर्षांनी, या खेळाच्या वरिष्ठ पातळीवर असे प्रथमच घडले. क्लेमेन्ते तिसऱ्या क्रमांकावर खेळले. सामना पाहायला जेमतेम ११,००० प्रेक्षक होते आणि शहरातील वृत्तपत्रे संपामुळे बंद होती. खेळ सुरू झाल्यावर काही वेळाने खेळाडूंच्याच ते ध्यानात आले. कोणी घोषणा केली नाही, कोणी पाठ थोपटून घेतली नाही. त्या दिवशी खेळण्यास योग्य ते नऊ जण खेळले आणि १०-७ ने जिंकले. समता जेव्हा समारंभाशिवाय नांदू लागते, तेव्हाच ती रुजली असे समजावे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पायरेट्स पुन्हा वर्ल्ड सीरीजमध्ये पोहोचले. बाल्टिमोर ओरिओल्सनी पहिले दोन सामने जिंकले. ३७ वर्षांच्या क्लेमेन्ते यांनी मग मालिका अंगावर घेतली. १२ यशस्वी फटके, .४१४ ची सरासरी, निर्णायक सातव्या सामन्यात होमरन आणि २-१ असा विजय. या वेळी मालिकेतील सर्वात मौल्यवान खेळाडूचा मान त्यांचाच होता. सामन्यानंतर दूरचित्रवाणीसमोर बोलताना, इंग्रजीत काही सांगण्यापूर्वी ते स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांना उद्देशून बोलले आणि त्यांनी त्यांचे आशीर्वाद मागितले. ज्या भाषेवरून त्यांना हिणवले गेले, तीच त्या क्षणी साऱ्या अमेरिकेच्या कानी पडली. कॅरिबियन बेटांतील असंख्य घरांत त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना केलेली बरी.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी कारकीर्दीतील ३,००० वा यशस्वी फटका मारला. नियमित हंगामातील तो त्यांचा अखेरचाच फटका ठरला. त्या हिवाळ्यात प्वेर्तो रिकोच्या हौशी संघाचे व्यवस्थापक म्हणून ते निकाराग्वातील मानाग्वा येथे गेले होते. ते परतल्यावर थोड्याच दिवसांत, २३ डिसेंबर रोजी, भूकंपाने ते शहर जमीनदोस्त झाले आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. क्लेमेन्ते यांनी सान ह्वानमध्ये मदतकार्य उभे केले. नाताळचे दिवस अन्न, वस्त्रे आणि औषधे गोळा करण्यात गेले. परंतु सोमोसा यांच्या राजवटीतील सैनिक ही सामग्री परस्पर लांबवीत असल्याच्या वार्ता आल्या. तेव्हा आपण स्वतः गेलो तर मदत योग्य हाती पडेल, असे त्यांनी ठरविले. ३१ डिसेंबरच्या रात्री ते एका जुन्या मालवाहू विमानात बसले. विमानात मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो अधिक भार होता आणि त्याची यांत्रिक स्थितीही धड नव्हती. उड्डाण होताच ते समुद्रात कोसळले. आतील पाचही जण गेले. संघातील सहकारी मॅनी सांगीयेन स्मृतिप्रार्थनेला न जाता पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून त्यांचा शोध घेत राहिले. क्लेमेन्ते यांचा देह सापडला नाही. वय अवघे ३८ वर्षांचे होते.

या मृत्यूला हौतात्म्याची झळाळी देऊन मोकळे होणे सोपे आहे. खरे पाहता तो टाळता आला असता. सद्भावना कितीही उत्कट असली तरी ती विमानाचा भार हलका करीत नाही. ज्यांचे काम उड्डाण रोखण्याचे होते, त्यांनी ते केले नाही. आणि जी राजवट भुकेलेल्यांच्या तोंडचा घास पळविते असा लौकिक मिळविते, तिच्या पापात अशा मृत्यूंचीही गणना झाली पाहिजे.

मृत्यूनंतर मात्र सारी दारे उघडली. स्मृतिमंदिरातील प्रवेशासाठी पाच वर्षे थांबण्याचा नियम त्यांच्यासाठी बाजूला ठेवण्यात आला आणि तेथे स्थान मिळविणारे ते पहिले लॅटिन अमेरिकन खेळाडू ठरले. समाजसेवा करणाऱ्या खेळाडूला दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले. पिट्सबर्गमधील एका पुलावर आज त्यांचे नाव आहे. नव्या मैदानातील उजव्या बाजूची भिंत त्यांच्या २१ या क्रमांकाची आठवण म्हणून २१ फूट उंच बांधली आहे. कृतज्ञतेच्या या खुणांना कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही या साऱ्या गौरवाच्या गर्दीत नाव चुकते आणि ते २७ वर्षे तसेच राहते, याचा अर्थ काय?

अर्थ एवढाच की गौरव करणाऱ्यांनी त्यांना विचारावयाचे ते कधी विचारलेच नव्हते. पुतळे, पूल आणि पुरस्कार हे मृतांसाठी असतात आणि त्यांना जिवंतांचे काही सोसावे लागत नाही. जिवंत माणसाला हवी असते ती फार साधी गोष्ट: तो स्वतःचे जे नाव सांगतो, त्या नावाने त्याला हाक मारणे, आणि दुखते म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवणे. क्लेमेन्ते यांनी आयुष्यभर एवढेच मागितले. आपल्या दाराशी पोट भरण्यासाठी आलेल्या, आपल्याहून वेगळी भाषा बोलणाऱ्या माणसाचे नाव आपण कसे उच्चारतो, याचा विचार प्रत्येक समाजाने, प्रत्येक शहराने करावा. कूपर्सटाऊनचा नवा पट हे त्या विचाराचे स्मारक आहे. तो घडायला एवढा उशीर व्हायला नको होता.