अपुऱ्या श्वासाचे गाणे
शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी, म्हणजेच कुमार गंधर्व, 1924 साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीला जन्मले. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, नावाजले. आणि 1947 साली क्षयाने गाठले. 1948 मध्ये हवापालटासाठी देवासला गेले. गाणे बंद! मात्र खाटेवर पडल्यापडल्या माळव्याची लोकगीते नि निर्गुणी भजने त्यांनी कानात साठवली. 1953 च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले ते एका फुप्फुसावर. म्हणून त्या आखूड, टोकदार ताना. रसिक तिला शैली म्हणतात. मला ती आधी गरज वाटते. सूर, कबीर, मीरा यांची त्यांची ‘त्रिवेणी’ ध्वनिमुद्रिका मी महाडच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या आमच्या खोलीत लावतो. रात्रपाळी करून आलेले वडील खोकतात, मग कुमारांचा श्वास मोजत बसतात. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच कुमार गेले.