रेव्हरंड लेम्युएल हेन्स : एक बोधप्रद चरित्र

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत बहुधा आपल्याच समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात, व ते योग्यच आहे. परंतु स्वतःच्या घरातील काही दोष असे असतात की ते दुसऱ्याच्या घरी पाहिल्यावाचून आपल्या ध्यानात येत नाहीत. ह्या हेतूने यंदा मी एका परदेशस्थ व परधर्मीय पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागास न्यू इंग्लंड म्हणतात. तेथील लहान लहान गावांतील ख्रिस्ती मंडळ्यांत जन्मभर पाळकाचे काम केलेले रेव्हरंड लेम्युएल हेन्स हे ते पुरुष होत. अमेरिकेतील एका प्रमुख प्रॉटेस्टंट पंथाने विधिपूर्वक दीक्षा दिलेले पहिले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक म्हणून तेथील इतिहासात त्यांचे नाव प्रसिद्ध आहे.

हेन्स ह्यांचा जन्म १८ जुलै १७५३ रोजी कनेक्टिकट प्रांतातील वेस्ट हार्टफर्ड येथे झाला. त्यांची माता गौरवर्णीय होती व पिता आफ्रिकी वंशाचा होता. दोघांपैकी कोणीही मूल आपल्याजवळ ठेवले नाही. पाच महिन्यांचे ते अर्भक मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅनव्हिल नावाच्या गावी डेव्हिड रोझ ह्या शेतकऱ्याच्या घरी करारबद्ध चाकर म्हणून देण्यात आले. वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्या घरी काम करावयाचे, असा करार होता. रोझ हे धर्मनिष्ठ गृहस्थ असून गावच्या मंडळीत सेवकाच्या पदावर होते. त्यांच्या पत्नीने ह्या मुलास पोटच्या पोराप्रमाणे वाढविले, असे चरित्रकार सांगतात. दिवसा शेतातील काम व रात्री चुलाण्याच्या उजेडात वाचन, असा लेम्युएलचा विद्याभ्यास चालला. शनिवारी सायंकाळी घरात प्रवचन वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे असे. एके शनिवारी त्याने छापील प्रवचनाऐवजी स्वतः लिहिलेले प्रवचन वाचले. ते कोणा थोर उपदेशकाचे आहे, अशी चौकशी रोझ करू लागले, तेव्हा ते आपलेच असल्याचे त्याला सांगावे लागले. त्या दिवसापासून हा मुलगा केवळ शेतावरचा चाकर नव्हे, हे घरच्यांस व गावास उमगले.

१७७४ साली कराराची मुदत संपली आणि हेन्स स्वतंत्र झाले. त्याच सुमारास अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धास तोंड लागत होते. ते गावच्या स्वयंसेवक सैनिकांत दाखल झाले. १७७५ साली लेक्सिंग्टनच्या चकमकीनंतर ते बॉस्टनजवळ रॉक्सबरी येथे गेले व १७७६ साली टिकाँडरोगाच्या किल्ल्यावर त्यांनी चाकरी केली. तेथून आजारी पडून ते परतले. ह्याच काळात त्यांनी एक निबंध लिहिला. स्वातंत्र्य हा मनुष्यमात्राचा हक्क आहे असे ज्या राष्ट्राने जाहीर केले, त्यास आफ्रिकी मनुष्य गुलामगिरीत ठेवण्याचा अधिकार उरत नाही, असे त्यात त्यांनी युक्तिवादाने मांडले. हा निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. दोनशे वर्षे ते हस्तलिखित पडून राहिले व १९८३ साली प्रसिद्ध झाले.

युद्धातून परत आल्यावर त्यांनी एका पाळकाकडे लॅटिन व दुसऱ्याकडे ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला आणि त्या काळात शाळामास्तर म्हणून मुलांस शिकविले. १७८० साली त्यांस उपदेश करण्याची परवानगी मिळाली. ज्या ग्रॅनव्हिल गावी ते चाकर म्हणून वाढले, तेथीलच मंडळीने त्यांस व्यासपीठावर उभे केले. पुढे १७८५ च्या नोव्हेंबरात कनेक्टिकटमधील पाळकांच्या सभेने त्यांस रीतसर दीक्षा दिली.

येथे ह्या पंथाची रीत सांगणे अवश्य आहे. ह्यास काँग्रिगेशनल पंथ म्हणतात. ह्यात प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र असते. वरून कोणी बिशप पाळक नेमून पाठवीत नाही. मंडळी आपला पाळक आपण निवडते, त्याचे वेतन आपण ठरविते, आणि मन उठले म्हणजे शेजारच्या पाळकांची सभा बोलावून त्यास निरोपही देते. आपल्याकडील वाचकांस हा पंथ अगदीच अपरिचित नाही. १८१३ साली मुंबईत उतरून ज्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला, ते गॉर्डन हॉल ह्याच पंथाचे होते, व त्यांचे जन्मगाव टॉलंड हे ह्या ग्रॅनव्हिलच्या लगतचेच होय. असो. सांगावयाचे ते हे की, अशा मंडळीत पाळकाचे सुखदुःख सर्वस्वी गावकऱ्यांच्या मनावर अवलंबून असे. त्या काळी न्यू इंग्लंडातील अनेक प्रार्थनामंदिरांत कृष्णवर्णीयांस वरच्या सज्जात किंवा मागच्या कोपऱ्यात बसवीत. अशा मंदिरात, गोऱ्या श्रोत्यांसमोर, व्यासपीठावर हेन्स उभे राहत.

ग्रॅनव्हिल येथे एलिझाबेथ बॅबिट ही गौरवर्णीय तरुण शिक्षिका त्यांच्या मंडळीत होती. विवाहाचा विषय प्रथम तिनेच काढला आणि हेन्स ह्यांनी इतर पाळकांचा सल्ला घेऊन मगच होकार दिला, असे चरित्रात नमूद आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १७०५ पासून अशा मिश्रविवाहास कायद्याची बंदी होती. १७८३ साली त्यांचा विवाह कनेक्टिकटमधील हार्टलंड येथे लागला. त्यांस दहा अपत्ये झाली व ती दोघे पन्नास वर्षे एकमेकांच्या सोबतीने राहिली.

दीक्षेनंतर टॉरिंग्टन नावाच्या गावी ते पाळक म्हणून गेले. तेथील काही लोकांस काळ्या मनुष्याने आपणांस धर्म सांगावा हे रुचले नाही. त्यांपैकी एक गृहस्थ मुद्दाम डोक्यावरची टोपी न काढता मंदिरात बसला. तेथे हा मोठाच अपमान समजला जातो. प्रवचन सुरू झाले आणि थोड्याच वेळात त्याची टोपी नकळत खाली आली. पुढे तोच मनुष्य मंडळीचा निष्ठावंत सभासद झाला, असे सांगतात. परंतु सर्वांच्याच टोप्या उतरल्या नाहीत. दोन-अडीच वर्षांत हेन्स ह्यांस ते गाव सोडावे लागले.

१७८८ साली व्हरमाँटमधील रटलंड येथील पश्चिमेकडच्या मंडळीने त्यांस बोलाविले. व्हरमाँटने १७७७ च्या आपल्या राज्यघटनेतच प्रौढ मनुष्यास गुलाम म्हणून ठेवणे निषिद्ध ठरविले होते, हे ध्यानात ठेवावे. तेथे हेन्स ह्यांनी ३० वर्षे काढली. वेतन तुटपुंजे असल्यामुळे त्यांनी शेती करून संसार चालविला. ह्या काळात सुमारे ५,५०० प्रवचने आपण केली व त्यांतील ४०० अंत्यविधीच्या प्रसंगी केली, असा हिशेब त्यांनीच निरोपाच्या प्रवचनात दिला आहे. एवढी घरे त्यांनी दुःखात पाहिली, एवढ्या कुटुंबांच्या ओट्यावर ते बसले. १८०४ साली मिडलबरी कॉलेजने त्यांस सन्मानाची एम. ए. पदवी दिली. अमेरिकेत अशी पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. पुढील वर्षी सर्वांस मोक्ष मिळणारच, असे प्रतिपादन करणाऱ्या होझिया बलू ह्या उपदेशकास त्यांनी उपरोधिक प्रवचनाने उत्तर दिले. त्याच्या अमेरिकेत व इंग्लंडात आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. १८१४ साली त्यांनी न्यू हेवन येथे केलेले प्रवचन ऐकावयास येल कॉलेजचे प्रमुख टिमथी ड्वाइट स्वतः बसले होते. बाहेर कीर्ती अशी वाढत होती.

परंतु १८१८ साली रटलंडचे नाते तुटले. कागदोपत्री पाहू जाता उभयपक्षी संमतीने पाळक मुक्त झाले, इतकेच दिसते. कारणे एकाहून अधिक होती. हेन्स हे फेडरलिस्ट पक्षाच्या मतांचे होते व १८१२ साली इंग्लंडशी सुरू झालेल्या युद्धास त्यांचा उघड विरोध होता. इंग्रजांनी धरून नेलेल्या अमेरिकन खलाशांविषयी कळवळा दाखविणाऱ्या राष्ट्राध्यक्ष मॅडिसन ह्यांच्या स्वतःच्या व्हर्जिनियात लाखो गुलाम बंधनात आहेत, हे त्यांनी १८१३ साली व्यासपीठावरून सांगितले होते. दुसऱ्या पक्षाच्या लोकांस ते झोंबले असल्यास नवल नाही. शिवाय नवी पिढी पुढे आली होती व जुना पाळक तिला नकोसा झाला होता. ही सर्व कारणे खरी मानली तरी एक गोष्ट उरतेच. पक्षभेद व वयोभेद इतर पाळकांच्याही वाट्यास येतात. पण ज्या दिवशी मन उठते त्या दिवशी मनुष्याचा वर्ण लोकांस नव्याने दिसू लागतो. ही खोच खुद्द हेन्स ह्यांस नेमकी कळली होती. रटलंडचे लोक इतके चाणाक्ष की, आपला पाळक काळा आहे हे त्यांनी अवघ्या तीस वर्षांत शोधून काढले व शोध लागताच त्यास घालविले, अशा आशयाचा त्यांचा उपरोध त्या भागात पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात असे. निरोपाच्या कागदात वर्णाचा उल्लेख कोठून येणार! अशा गोष्टी कागदावर लिहीत नाहीत. त्या मनाच्या वहीत लिहून ठेवतात व प्रसंग आला म्हणजे ते पान उघडतात.

वयाच्या पासष्टाव्या वर्षी हेन्स दुसऱ्या गावी गेले. मँचेस्टर, व्हरमाँट येथे ते पाळक असताना एक विलक्षण खटला घडला. स्टीफन व जेसी बूर्न ह्या दोघा भावांवर आपला मेहुणा रसेल कॉल्व्हिन ह्याच्या खुनाचा आरोप होता. तो १८१२ पासून नाहीसा झाला होता. १८१९ साली दोघे दोषी ठरले. जेसीची शिक्षा कमी होऊन जन्मठेप झाली, स्टीफनच्या फाशीचा दिवस मुक्रर झाला. गावाची तर खात्रीच झाली होती. हेन्स मात्र तुरुंगात जाऊन स्टीफनजवळ बसत व तो निर्दोष आहे असे त्यांचे मन त्यांस सांगे. पुढे डिसेंबर १८१९ मध्ये मेलेला समजलेला कॉल्व्हिन न्यू जर्सीत जिवंत सापडला व त्यास गावात आणण्यात आले. दोघे भाऊ सुटले. ह्या प्रकरणाची हकीकत हेन्स ह्यांनी १८२० साली छापून प्रसिद्ध केली. गावाची खात्री चुकू शकते, हा धडा त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

१८२२ साली ते न्यूयॉर्क राज्यातील ग्रॅनव्हिल येथे गेले. हे गाव त्यांच्या बालपणीच्या गावाहून निराळे, नाव मात्र तेच. तेथे शेवटपर्यंत सेवा करून २८ सप्टेंबर १८३३ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. आपल्या थडग्यावरील लेख त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. त्यात पदवीचा उल्लेख नाही, वर्णाचा नाही, कोणाविषयी तक्रारही नाही. आपण पापी असून ख्रिस्ताच्या पुण्यावर विसंबून गेलो, एवढेच त्यांस सांगावयाचे होते. तेथील त्यांचे राहते घर १९७५ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित झाले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, हे चरित्र वाचताना रटलंडच्या लोकांस दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते दुष्ट नव्हते. त्यांनी दार बंद केले नाही. काळ्या मनुष्यास त्यांनी बोलावून आणले, त्याच्या हातून मुलांचे बाप्तिस्मे करविले, त्याच्या तोंडून मृतांसाठी प्रार्थना ऐकल्या. त्यांचा दोष एवढाच की, तीस वर्षे सेवा घेऊनही त्याचा जन्म त्यांनी विसरू दिला नाही. बाहेर ठेवण्याची ही रीत दार लावण्याहून अधिक क्रूर होय, कारण आत आलेल्या माणसास आपण अजून बाहेरच आहोत हे फार उशिरा कळते.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीची नक्कल करण्याचे काम माझे अक्षर बरे म्हणून काही वर्षे मजकडे होते. ज्या सुना आपल्या ज्ञातीबाहेरून आल्या, त्यांच्या माहेरच्या नावाचा रकाना मी कोरा सोडीत असे. तसे करावयास मला कोणी सांगितले नव्हते. त्यांपैकी एक भगिनी वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या वार्षिक मेळाव्याच्या पंगतीची सारी व्यवस्था पाहत. तिच्या हातचे जेवण आपण सर्वांनी वाखाणून खाल्ले आहे. पुढे तिच्या मुलाच्या लग्नाची बोलणी चालली असता त्याच कोऱ्या रकान्यावर कोणीतरी बोट ठेवले व सोयरीक फिसकटली. बोट ठेवणारास मी दोष कसा देऊ? रकाना मी सोडला होता. तिने मला एका शब्दाने विचारले नाही. ती मेळाव्यास येईनाशी झाली, एवढेच.

कुटुंबसूचीची नवी आवृत्ती निघेल तेव्हा हे रकाने इतर रकान्यांप्रमाणेच भरले जावेत, अशी मंडळाच्या कार्यकारिणीस माझी नम्र विनंती आहे. त्या भगिनीच्या घरी जाऊन तिच्या माहेरचे नाव विचारून येण्याचे काम माझ्याकडेच द्यावे. रेव्हरंड हेन्स ह्यांच्या चरित्रापासून मी तरी एवढा बोध घेतला आहे.