जॉन न्यूटन : गुलामांच्या तारवाचा कप्तान

कळते पण वळत नाही, असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळदा मनुष्याला वाईट ते वाईट आहे हेच कळत नाही, आणि तो शांत चित्ताने पाप करीत राहतो. इंग्लंडातील पाळक जॉन न्यूटन याचे चरित्र ह्याची साक्ष देते.

न्यूटन १७२५ साली लंडन शहरी जन्मला. बाप तारवावर कप्तान होता. आई देवभीरू होती. तिने त्यास बाळपणीच शास्त्रवचने व गीते शिकविली, परंतु तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती वारली. अकराव्या वर्षी तो बापाबरोबर समुद्रावर गेला. १७४४ साली त्यास बळजबरीने आरमारात घेतले. तेथून तो पळाला, पकडला गेला व त्याने सर्वांसमक्ष फटके खाल्ले. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी त्याने स्वतःच आजार, उपासमार व गुलामासारखी वागणूक भोगली. देवाची निंदा करण्यात तो ह्या काळी खलाशांच्याही पुढे असे.

१७४८ च्या मार्चात मायदेशी परतताना वादळाने तारू फुटले व पाणी आत शिरू लागले. न्यूटन तासन्‌तास पाणी उपसून थकला, मग सुकाणू धरून उभा राहिला, आणि तेथे त्याने देवाची करुणा भाकली. तारू कसेबसे आयर्लंडास लागले. त्या दिवसाचे स्मरण तो मरेपर्यंत दरवर्षी करीत असे.

वाचकांस वाटेल की, तेव्हाच त्याने गुलामांचा व्यापार सोडला असेल. तसे झाले नाही. १७५० पासून १७५४ पर्यंत त्याने कप्तान होऊन तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांस जमवून उपासना चालवी, आपल्या खोलीत शास्त्र वाची व प्रार्थना करी. आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावर आफ्रिकेतील माणसे बेड्यांत पडलेली असत, कूस बदलावयासही त्यांस पुरती जागा नसे. बंडाचा संशय आला असता काही मुलांच्या अंगठ्यांस चाप लावून कबुली घेतल्याचे त्याने आपल्याच रोजनिशीत लिहून ठेविले.

हे कसे घडले? तो धंदा कायदेशीर होता, प्रतिष्ठितांचा होता, आणि त्यास दोष देणारा कोणी भेटला नव्हता. तुरुंगावरील अधिकाऱ्याच्या कामासारखे ते काम त्यास नकोसे वाटे, परंतु पाप वाटत नसे. १७५४ साली त्यास एकाएकी झटका आला, म्हणून त्याने समुद्र सोडला. विवेकाच्या टोचणीमुळे नव्हे.

नंतर तो लिव्हरपूल बंदरात सरकारी नोकरीस राहिला. १७६४ साली त्यास पाळकाची दीक्षा मिळून तो ओल्नी गावी गेला. तेथे कवी विल्यम कूपर व तो ह्या दोघांनी रचिलेली गीते १७७९ साली छापली गेली. त्यांपैकी देवाच्या अद्‌भुत कृपेविषयीचे न्यूटनचे गीत आज जगभर गातात. पुढे तो लंडनास पाळक झाला. तेथे १७८५ साली पार्लमेंटाचा तरुण सभासद विल्यम विल्बरफोर्स त्याजकडे सल्ल्यास आला. राज्यकारभार सोडावा की काय, असा त्यास प्रश्न पडला होता. न्यूटनने त्यास आहे त्याच जागी राहून देवाची सेवा करावयास सांगितले. ह्याच विल्बरफोर्सने पुढे पार्लमेंटात गुलामांचा कैवार घेतला.

१७८८ साली न्यूटनने त्या व्यापाराविरुद्ध पुस्तक छापून आपला दोष सर्वांपुढे कबूल केला, आणि पार्लमेंटाच्या चौकशीत डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. समुद्र सोडून तेव्हा ३४ वर्षे झाली होती. त्याची कबुली खरी होती, पण त्याने वाहून नेलेल्यांपैकी एकही मनुष्य तिने घरी परतला नाही. १८०७ च्या मार्चात इंग्लंडाने गुलामांचा व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन ८२ वर्षांचा होऊन मरण पावला.

प्रिय बंधुभगिनींनो, वादळात केलेली त्याची प्रार्थना खोटी नव्हती. परंतु एका प्रार्थनेने सर्व अंधार जात नाही. बाप्तिस्म्यानंतरही जातीचा अभिमान, सावकारी, मुलीला कमी लेखणे, अशा किती गोष्टी आपण सर्वच करतात म्हणून निर्दोष मानतो! न्यूटनने शास्त्र रोज वाचले, पण पायांखालून येणारा आक्रोश पुष्कळ वर्षे मनावर घेतला नाही. म्हणून आपल्या एखाद्या रीतीने ज्यास दुःख होते, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. उपदेशकांनी तर ह्या आठवड्यात अशा एका तरी घरी जाऊन बसावे, आणि तेथे बोलण्यापेक्षा अधिक ऐकून घ्यावे.