नाशिकचे धनंजयराव आणि गोदावरीचे पाट

विद्यापीठातले संशोधन म्हणजे कपाटात धूळ खात पडलेले जाडजूड प्रबंध, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ती खोटी ठरवणारे अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ जन्माने नाशिककर, हे खुद्द नाशिकमध्येही किती जणांना ठाऊक असेल?

जन्म १० एप्रिल १९०१ चा. वाढले नागपुरात, शिकले केंब्रिजला. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा वय अवघे तेवीस! सुरतेला प्राचार्यपद सांभाळून १९३० मध्ये ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले आणि विद्यार्थ्यांना घेऊन थेट बाजारात आणि बांधावर गेले. पुण्यात फळे कशी विकली जातात इथपासून त्यांची पाहणी सुरू झाली.

पण आपल्या भागाच्या दृष्टीने मोलाची ठरली ती गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी. निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरहून निघणाऱ्या पाटांनी नेमके काय दिले? सरकार हिशेब मांडायचे पाणीपट्टीचा. धनंजयरावांनी विचारले, मजुराला मिळालेले काम, व्यापाऱ्याची उलाढाल, रेल्वेला मिळालेला माल हे कोणी मोजायचे? त्यांनी ते मोजले. १९४८ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला.

पाणी आले, ऊस आला, तरी बागायतदार कर्जातच. १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष धनंजयराव. साखर कारखाना तुम्हीच सहकाराने काढा, हा त्यांचा सल्ला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी तो मनावर घेतला. शेअरसाठी गावोगाव फिरणारा शेतकरी आणि केंब्रिजचा पंडित, अशी ही विलक्षण जोडी! १९५० साली कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. अध्यक्षपदी धनंजयरावच होते.

ग्रामीण पतपाहणीच्या समितीतही ते होते. ७५ जिल्हे, ६०० गावे पालथी घालून १९५४ मध्ये निष्कर्ष आला की शेतकऱ्याच्या कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, सावकारांचा मात्र सत्तरच्या घरात. पुढच्याच वर्षी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती खेड्यापाड्यांत शाखा काढण्यासाठी. आज सहकारी कारखान्यांच्या राजकारणाबद्दल काहीही म्हणता येईल, पण त्याचा दोष त्या पाहण्यांना देता येणार नाही.

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचे गाडगीळ सूत्र तिथलेच. त्या जबाबदारीतून मोकळे होऊन पुण्याकडे परतत असताना, ३ मे १९७१ रोजी, प्रवासातच त्यांचे निधन झाले.