विश्लेषण : देवगिरीचे ताल जर्मन छावणीत कसे पोहोचले? कोण होते ऑलिव्हिए मेसियां?

१५ जानेवारी १९४१. ग्यॉर्लिट्झ येथील जर्मनांची युद्धकैदी छावणी. कडाक्याच्या थंडीत एका बराकीत चार फ्रेंच कैद्यांनी क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि मोडकळीला आलेल्या पियानोवर नवी रचना वाजवली. ऐकायला कैदी होते, तसे जर्मन अधिकारीही होते. पियानोवर होते संगीतकार ऑलिव्हिए मेसियां. रचनेचे नाव ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अभिजात संगीतात तिचे स्थान फार वरचे आहे.

श्रोते पाच हजार होते, असे मेसियां पुढे सांगत. बराकीत माणसे मावली असतील ती काही शेच. पण दंतकथा बाजूला ठेवली, तरी रचना कमी होत नाही.

देवगिरीचा संबंध काय?

मेसियांचा जन्म १९०८चा, आविन्यों शहरातला. आई कवयित्री, वडील शेक्सपिअरचे अनुवादक. अकराव्या वर्षी ते पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाले. पुढे एका फ्रेंच संगीत विश्वकोशात त्यांना १२० देशी तालांचा तक्ता सापडला. तो होता शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’मधला. हा ग्रंथ तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, लिहिला गेला. शार्ङ्गदेव राजाच्या पदरी हिशेबाचे काम पाहत असे, हे जाता जाता सांगायला हवे.

छावणीतल्या रचनेच्या पहिल्या भागात पियानो वाजवतो ती लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांची. लहानमोठ्या कालावधीचे एकूण १७ आघात. त्यांवर २९ स्वरसमूहांची दुसरी माळ फिरत राहते. दोन्ही एकदम सुरू होतात, पण पुन्हा एकत्र आरंभाला यायला ४९३ आघात लागतात आणि संगीत त्याआधीच थांबते. समेची वाट पाहणाऱ्या आपल्या कानांना ही युक्ती लगेच कळेल : इथे सम येतच नाही. सुटकेची तारीख ठाऊक नसलेल्या कैद्यांसमोर हे वाजत होते. मेसियां स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांच्या मनात बायबलमधला, काळ संपल्याची घोषणा करणारा देवदूत होता.

अर्थात त्यांनी ताल घेतले ते कागदावरून, गुरूकडून नव्हे. त्यामुळे त्यांच्या संगीतात ठेका शोधू नये, सापडणार नाही. पण यातले बहुतेक ताल आपल्याही मैफलीत आज ऐकू येत नाहीत, हेही खरे.

सुटकेनंतर काय?

१९४१ मध्येच ते पॅरिसला परतले आणि त्याच महाविद्यालयात शिकवू लागले. बुलेझ, श्टॉकहाउझेन, झेनाकिस असे पुढचे मोठे संगीतकार त्यांच्या वर्गात बसले. घरात मात्र पत्नी क्लेअर देल्बो यांची स्मृती हळूहळू हरपत गेली. त्या १९५९ मध्ये वारल्या. दोन वर्षांनी मेसियांनी पियानोवादक इव्हॉन लोरिओ यांच्याशी विवाह केला.

‘तुरंगलीला’ ही दहा भागांची सिंफनी १९४९ मध्ये बोस्टनला लिओनार्ड बर्नस्टाईन यांनी सादर केली. नाव संस्कृतच : घोड्यासारखा धावणारा काळ आणि लीला. नंतर ते वही घेऊन रानोमाळ हिंडले, पक्ष्यांचे आवाज स्वरांत उतरवत राहिले. स्वर ऐकताना त्यांना रंग दिसत. आणि १९३१ पासून अखेरपर्यंत ते पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होते.

२७ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी लिहिलेली शेवटची मोठी रचना त्यांना वाद्यवृंदाकडून ऐकायला मिळाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती पहिल्यांदा वाजली. संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता.